गोंगाट, जवारी आणि चाळीस मिनिटं

मंडळी, आजचा लेख भांडणाचा आहे. आठवणी येतील, पण साक्षीदार म्हणून येतील. ज्यांना सकाळी सकाळी वाद नको असेल त्यांनी मागच्या महिन्यातला आमच्या परसातल्या शेवग्याचा लेख वाचावा, मी रागावणार नाही. :-)

भांडण कशावरून ते सांगते. माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा, नातू इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने आणि त्याच्या चार मित्रमैत्रिणींनी मिळून एक बँड काढलाय. दोन गिटारी, एक बेस, एक ड्रमवाला आणि गाणारी एक मुलगी. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यांनी चाळीस मिनिटं मागितली होती. नकार मिळाला, तोही तोंडी. कारणं तीन. एक, हा आपल्या संस्कृतीत न बसणारा गोंगाट आहे. दोन, आवाजाचे नियम कडक झालेत. तीन, असल्या संगीताच्या मागून व्यसनं येतात.

ठीक आहे. पण त्याच गॅदरिंगच्या शेवटच्या रात्री, त्याच कॉलेजच्या मैदानावर, भाड्याने आणलेला डीजे तीन तास वाजला. आणि हे सगळं कळल्यावर माझ्या मामेभावाने आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संस्थेचं जाहीर अभिनंदन केलं. डीजेबद्दल नव्हे, 'पाश्चात्त्य गोंगाट' रोखल्याबद्दल! खाली अकरा जणांचे अंगठे.

दादा, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे (प्रतिक्रिया देत नाहीस, फोन करतोस). म्हणून उत्तर इथे लिहिते. ग्रुपवर लिहिलं असतं तर तासाभरात त्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक येऊन बसला असता.

माझं म्हणणं एवढंच आहे. कॉलेजातल्या पोरांनी स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या गळ्याने, समोर माणसं बसलेली असताना काहीतरी वाजवावं, चुकावं, सावरावं, यासाठी गॅदरिंग असतं. त्या पोरांना जागा नाकारायची आणि विकत आणलेल्या आवाजाला मैदान द्यायचं, याला संस्कृतीचं रक्षण म्हणू नये. ती संस्थेची सोय आहे.

आता साक्ष.

मी मिरजेची. सांगली-मिरज हे तेव्हापासून कॉलेजांचं गाव. विलिंग्डन १९१९ चं, इंजिनियरिंग कॉलेज १९४७ चं, मेडिकल १९६२ चं. मुंबईची, बेळगावची, गोव्याची, सोलापूरची पोरं हॉस्टेलांवर राहायची आणि त्यांच्या ट्रंकांतून काय काय आमच्या गावात यायचं! अण्णा यांपैकी एका कॉलेजात होता. कोणत्या ते लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचंय ते तिथल्या साहेबांबद्दल आहे आणि ते आता उत्तर द्यायला नाहीत.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्या भागातल्या माझ्या वयाच्या कोणालाही विचारा, ती पहाट त्याला तारखेसकट आठवेल. आम्ही पुढे कितीतरी रात्री अंगणात झोपत होतो. भांड्याला भांडं लागलं तरी आई दाराकडे बघायची. अशा दिवसांत, महिना-दीड महिन्याने, अण्णाच्या कॉलेजचं गॅदरिंग होतं. मी तेव्हा दहावीत. (मॅट्रिक अकरावीला असे, हे नव्या वाचकांसाठी.) घरच्यांसाठी पास मिळाले होते. बायका डावीकडे, मी आई आणि मावशीच्या मध्ये.

आधी एकांकिका झाली, मग दोन नाट्यगीतं, मग एका मुलाने प्राध्यापकांच्या नकला केल्या. मग पडदा उघडला आणि समोर चौघे. अण्णाच्या गळ्यात गिटार, ही बातमी आम्हाला तिथेच कळली. मागे फळ्या ठोकून केलेलं कपाटाएवढं खोकं, त्यात मोठा स्पीकर. लग्नाच्या कर्ण्यातून हा आवाज निघत नाही म्हणून सांगलीच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याला धरून त्यांनी ते बनवून घेतलेलं. ड्रमवाला बेळगावचा, त्याचे वडील लष्कराच्या बँडमध्ये होते.

बेळगावच्याच दुसऱ्या मुलाने बेस गिटारीच्या जाड तारेवर पहिला सूर मारला आणि खुर्ची थरथरली. मावशीने माझा दंड पकडला. "अगं बाई, परत आला की काय!" पाठीमागच्या दोघी खरंच उठून उभ्या राहिल्या. मीही खुर्चीचा हात घट्ट धरला होता, पण मला बाहेर पळायचं नव्हतं. भीती तीच होती आणि तिच्यात मजा होती, हे मला त्या वयात कोणी शिकवलं नव्हतं.

ही गाणी मी ऐकलेलीच नव्हती असं नाही. रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाणी लागत. 'शॅडोज'चं 'अपाची' अण्णा तोंडाने वाजवायचा. 'गुमनाम' १९६५ चा, त्यातलं 'जान पहचान हो' तर गल्लीतल्या पोरांनाही पाठ. पण रेडिओतला आवाज कानाशी येऊन थांबतो. हा छातीत शिरला, दातांत शिरला. समोरचा माणूस हात वर करतो आणि तो खाली यायच्या आत आपल्याला कळतं की आता काहीतरी होणार आहे. हे रेडिओत नसतं, तबकडीत नसतं, आणि आताच्या तुमच्या मोबाइलमध्ये तर नाहीच नाही.

तिसऱ्या गाण्यात अण्णाची तार तुटली. सटकन. हॉलभर ऐकू आली. दुसरी गिटार नव्हती. अण्णा खाली बसला, खिशातून तार काढली आणि बसवायला लागला. त्याचे हात थरथरत होते, मला दिसत होतं. आणि त्या बेळगावच्या मुलाने ड्रम थांबवले नाहीत. दोन मिनिटं, कदाचित तीन, तो एकटा ठेका धरून राहिला. हळूहळू पाठीमागच्या पोरांनी टाळ्या धरल्या. मग उजवीकडच्या प्राध्यापकांपैकी एकाने. मग, देवाशपथ सांगते, मावशीने. अण्णा उठला, तार पिळून सुरात आणली आणि सगळ्यांनी एकदम उचललं तेव्हा जो आवाज झाला तो निम्मा त्यांचा होता आणि निम्मा आमचा.

दादा, तुझ्या डीजेची तार तुटते का रे?

दुसऱ्या दिवशी काय झालं ते थोडक्यात सांगते. चौघांना साहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं गेलं. ते खोकं कॉलेजच्या अडगळीच्या खोलीत गेलं आणि पुढच्या वर्षीच्या गॅदरिंगच्या नोटिशीत 'इंग्रजी धिंगाणा' सादर करता येणार नाही अशी ओळ आली. शब्द हेच, अण्णाने मला दाखवली होती. त्या वर्षी कॉलेजने मुंबईहून पैसे देऊन ऑर्केस्ट्रा आणला. तो चांगला झाला म्हणे. ड्रमवाला बेळगावला परत गेला, एक मुलगा पुढे परदेशी गेला. अण्णाने गिटार १९६९ मध्ये विकली. तो नोकरीत चढला, घर बांधलं, पेन्शनीत आला, २०११ साली गेला. त्याच्या नातवाने आजोबांना गिटार हातात घेतलेलं कधी पाहिलं नाही. तरी त्या पोराला हे खूळ लागलं. आणि त्यालाही तीच नोटीस.

आता तुझी कारणं एकेक घेते.

पहिलं, संस्कृती आणि गोंगाट. मिरजेच्या माणसाने हे बोलावं याचं मला सर्वात जास्त आश्चर्य वाटतं. आपण सतारमेकरांच्या गल्लीशेजारी वाढलो. गॅदरिंगच्या आधी अण्णाच्या गिटारीची मान वाकली होती, तारा उचलल्यासारख्या झाल्या होत्या. तो ती घेऊन तिथल्याच एका चाचांकडे गेला, मागे शेपटासारखी मी. चाचांनी आधी ती उलटी करून बोटाने ठोकून पाहिली, मग कान लावला. म्हणाले, "ह्याच्या पोटात काय बी न्हाई की रे. भोपळा न्हाई, पोकळी न्हाई. मग आवाज येतो कुठनं?"

अण्णाने त्यांना तारांच्या खालचं चुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार दाखवली. वरची पोलादी तार हलली की चुंबकाच्या क्षेत्रात गडबड होते, गुंडाळीत क्षीणसा वीजप्रवाह उठतो, तो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मोठा होतो. (मी शाळेत शिकवलं मराठी आणि इतिहास, पण विज्ञानाच्या बाई रजेवर असताना हाच धडा मी तीनदा घेतलाय.) चाचा हसले. "म्हणजे भोपळा बाहेर ठेवलाय व्हय, त्या खोक्यात." याहून नेमकं वर्णन मी पुढे कुठे वाचलं नाही. त्यांनी दोन दिवस ठेवून मान सरळ करून दिली. पैसे घेतले नाहीत, फक्त एकदा वाजवून दाखवायला सांगितलं.

त्या गल्लीची सगळी कारागिरी कशावर उभी आहे? जवारीवर. जवारी म्हणजे काय? सतारीची घोडी हाडाची, वरून जवळजवळ सपाट पण किंचित उतरती. कारागीर ती कानसून कानसून अशी आणतो की थरथरणारी तार तिला पुन्हा पुन्हा घासून जावी. तंबोऱ्यात तेच काम घोडी आणि तारेच्या मधला सुताचा धागा करतो. तार मोकळी सुटली तर आवाज स्वच्छ येईल, पण मेलेला येईल. ती घासते म्हणून वरचे सूर जागे होतात आणि त्याला आपण 'गाणारा तंबोरा' म्हणतो. म्हणजे ती मुद्दाम, मोजून, पिढ्यान्पिढ्या शिकून केलेली खरखर आहे. तिच्यासाठी लोक मिरजेला येतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तूच ग्रुपवर पेढ्यांचं चित्र टाकलं होतंस.

विजेच्या गिटारीची ती खरखर, जिला तू गोंगाट म्हणतोस, तीही याच जातीची. अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर ताण दिला की लहरीचे शेंडे छाटले जातात आणि मूळ सुरात नव्हते ते वरचे सूर तयार होतात. १९६४ साली लंडनच्या 'किंक्स' नावाच्या गटातल्या डेव्ह डेव्हिस या पोराने आपल्या स्पीकरचा कागद ब्लेडने कापला. मुद्दाम! आवाज फाटावा म्हणून. सतरा वर्षांचं पोर. त्याला जवारी हा शब्द माहीत नसणार, पण तो त्याच शोधात होता. दोन्हीत फरक नाही असं मी म्हणत नाही. जवारीला शतकांची तालीम आहे, ब्लेडला नाही. पण एकीला नाद आणि दुसरीला गोंगाट म्हणायचं असेल तर कारण कानाने द्यावं, भूगोलाने नव्हे.

आणि परकेपणाचं म्हणशील तर आपल्या बायांनी भजनात जी पेटी वाजवली ती कुठली? युरोपातली. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिला बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली, आणि उठली तीही हप्त्याहप्त्याने. तोवर आपल्या गोविंदराव टेंब्यांनी तिच्यावर काय काय करून ठेवलं होतं! नाटकांतला ऑर्गन परका, व्हायोलिन परकं, वरातीतला क्लॅरिनेट परका. साठ-सत्तर वर्षं हातात राहिलं की वाद्य आपलं होतं असा हिशेब असेल, तर विजेच्या गिटारीचीही मुदत भरली की आता.

एक कबूल करते, नाहीतर तूच फोनवर काढशील. १९६७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला रविशंकरांची सतार आणि या लोकांच्या गिटारी एकाच महोत्सवात वाजल्या. तिथे जिमी हेंड्रिक्सने आपली गिटार पेटवून दिली ते रविशंकरांना अजिबात रुचलं नाही. मलाही रुचत नाही. चाचांनी तर त्याला काठीच दाखवली असती. पण रविशंकर १९६९ मध्ये वुडस्टॉकलाही गेले आणि वाजवलं. नापसंती आणि बंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच.

मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणात रात्ररात्र गाणं चालतं. चिंचेच्या झाडाखाली, उघड्यावर, फुकट. बाबांच्या मांडीवर झोपून मी ते ऐकलंय. तिथे कोणी कोणाला विचारत नाही, तू कुठला. हे मिरजेचं आहे. 'इंग्रजी धिंगाणा' ही नोटीस मिरजेची नव्हती, एका घाबरलेल्या केबिनची होती.

दुसरं कारण, नियम. हे मात्र मी गंभीरपणे घेते. आवाजाने माणसं आजारी पडतात. मला स्वतःला डाव्या कानात यंत्र आहे (चौतीस वर्षं वर्गात काढलेल्या बाईला दुसरं काय मिळणार). गणपतीच्या मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर दारावरून जातात तेव्हा मी यंत्र काढून ठेवते, तरी काचा वाजतात त्या कळतात. म्हणून नियम नीट वाचले. ते २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रुग्णालय, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्याभोवती निदान १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून ठरवता येतो, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. आणि महत्त्वाचं म्हणजे बंदिस्त सभागृहाला रात्रीच्या बंदीतून वगळलं आहे.

आता सांग. पोरांनी जागा कुठली मागितली होती? सभागृह. वेळ? संध्याकाळी सहा. डीजे कुठे वाजला? मैदानावर, उघड्यावर, रात्री दहापर्यंत. नियम पाळायचाच होता तर कोणाला थांबवायचं होतं?

नियमांचा असा उपयोग नवा नाही. मुंबईत धोबीतलावाला रंगभवन होतं, उघडं नाट्यगृह. १९८० च्या मार्चमध्ये 'पोलिस' नावाचा जगप्रसिद्ध इंग्रजी गट तिथे वाजवून गेला. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' तिथे भरायचं, कॉलेजची पोरं थोडक्या पैशांत दिवसभर बसायची आणि आज ज्यांची नावं घेतात असे कितीतरी गट तिथेच पहिल्यांदा उभे राहिले. शेजारी कॉलेज, जवळ रुग्णालयं. शांतता क्षेत्र लागू झालं आणि तिथल्या मैफली थांबल्या. आजाऱ्याच्या उशाशी ढोल नको, हे मला मान्य आहे. पण बंद झालेल्या जागेच्या बदल्यात या पोरांना दुसरी कोणती जागा दिली? नदीपात्र, चौक, रस्ते ज्यांना मिळायचे त्यांना मिळतच राहिले, कारण त्यांच्या मागे मंडळ असतं, मंडळाच्या मागे कोणीतरी असतं. पाच पोरांच्या मागे कोण असतं? फार तर एखादी आत्तेआजी.

तिसरं, व्यसनं. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. दारू वरातीतही असते म्हणून आपण बँडवाल्यांना गावाबाहेर काढलं नाही. नाटकवाल्यांना एके काळी घरं भाड्याने मिळत नसत, आणि आज सांगलीला नाट्यपंढरी म्हणून आपणच मिरवतो. नातवाच्या बँडची तालीम मी पाहून आले. एका मित्राच्या वडिलांच्या गोडाऊनमध्ये, खताच्या पोत्यांच्या मध्ये. तीन तास. एकच तुकडा सतरा वेळा. गाणारी मुलगी चहा घेत नाही, गळ्यासाठी गरम पाण्याची बाटली घेऊन फिरते. अशी शिस्त मला माझ्या वर्गात मिळाली असती तर मी पाच वर्षं आधी निवृत्त झाले नसते!

दादाचं आणखी एक म्हणणं फोनवर झालं, ते ग्रुपवर नाही. "वाजवा की, पण मराठीत वाजवा." तर दादा, त्यांच्या सात गाण्यांपैकी तीन मराठी आहेत आणि एक अभंग. न ऐकताच नकार मिळाल्यामुळे हे कोणाला कळलं नाही. पण तुझा मुद्दा मला आवडतो, कारण तो उलटा आपल्यावरच येतो. कलकत्त्यात १९७५ मध्ये 'मोहीनेर घोडागुली' नावाचा गट निघाला. नाव जीवनानंद दासांच्या कवितेतून घेतलेलं, गाणी बंगालीत. त्यांनाही तेव्हा फार कोणी विचारलं नाही, पण पुढे त्या वाटेवरून बंगाली रॉकचं आख्खं घराणं उभं राहिलं. आपल्याकडे? १९७८ मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमीने 'तीन पैशाचा तमाशा' केला. लेखन पु. लं.चं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, आणि मध्यभागी नंदू भेंडे. आत्माराम भेंड्यांचा मुलगा, मुंबईच्या रॉक गटांतून तयार झालेला गळा. मी पुण्याला बहिणीकडे गेले असताना ते नाटक पाहिलं. लावणीशेजारी रॉक, नाट्यसंगीताशेजारी रॉक, आणि पुणेकर टाळ्या वाजवत होते. पुणेकर! म्हणजे मराठी कानाला ते चालत होतं. नंदू भेंडे २०१४ मध्ये गेले. त्या नाटकाने उघडलेल्या वाटेवरून मराठीत किती जण चालले, हे मोजायला एका हाताची बोटं फार झाली नाहीत तरी दोन हातांची पुरतील. भाषा कमी पडली नाही. पोरांना ती मोठ्या आवाजात, स्वतःच्या चालीवर, चारचौघांत चुकत चुकत गाऊन बघायला जागा कमी पडली. वीस वर्षांच्या पोराचं पहिलं मराठी गाणं वाईटच असणार. ते वाईट गाणं कुठेतरी गायलं जावं लागतं, तेव्हा पाचवं बरं होतं.

तिकिटांचे मोठे महोत्सव होतात हल्ली, पुण्यात २०१० पासून पाहतोय आपण. होऊ देत, छान आहे. पण तिथे तयार लोक वाजवतात आणि पोरं हात वर करून चित्रण करतात. अण्णाची तार तिथे तुटली असती तर मागून कोणीतरी दुसरी गिटार आणून दिली असती.

असो. नुसतं चिडून काय होतंय. मी संस्थेला पत्र लिहिलंय, त्यात मागण्या अशा आहेत. बँडचा नकार तोंडी न देता कारणासह लेखी द्यावा. गॅदरिंगच्या खर्चातून डीजेला किती पैसे दिले आणि विद्यार्थ्यांच्या वाद्यांवर किती, हे फलकावर लावावं. आठवड्यातून दोन संध्याकाळी सहा ते आठ एक बंदिस्त खोली तालमीसाठी द्यावी, गिटारवाल्यांना आणि तबलेवाल्यांनाही, नोंदवही ठेवून. आवाज मोजायचं यंत्र खोलीत ठेवा, माझी हरकत नाही, त्याचे पैसे मी देते. आणि पुढच्या गॅदरिंगला चाळीस मिनिटं.

खाली सध्या नऊ सह्या आहेत. त्यातल्या दोन तर ग्रुपवर अंगठा दिलेल्यांच्याच आहेत, नावं सांगत नाही. ज्यांना सही करायची असेल त्यांनी प्रतिक्रियेत कळवावं, शक्यतो माजी विद्यार्थी असाल तर वर्षासकट. पत्र सोमवारी स्पीड पोस्टाने जाईल. दादा, त्याआधी रविवारी गोडाऊनमध्ये तालीम आहे, दुपारी चारला. खताचा वास येतो, रुमाल आण.